पिशवीतली जोखीम

मे महिन्यात भाचा मंडणगडला आला होता. पुण्यात प्रोग्रॅम लिहिण्यात त्याची दहा वर्षं गेली. आता ती नोकरी सोडून तो बंगळुरूच्या एका फंडात रुजू झालाय. पडवीत फणस सोलता सोलता आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, विचारलं, "नवी नोकरी कसली रे?"

"कंपन्या काढणाऱ्या मुलांना आम्ही पैसे देतो, आजी."

"म्हणजे सावकारी."

"सावकारी नाही. व्याज घेत नाही, काही गहाण ठेवून घेत नाही. कंपनी बुडाली तर पैसे परतही मागत नाही."

"मग दान करता?"

"दानही नाही. कंपनी वर आली तर तिच्यात आमचा वाटा असतो."

आईनं हातातला गरा तसाच ठेवला आणि म्हणाली, "याला काहीतरी नाव असेल की." भाच्यानं इंग्रजी नाव सांगितलं, व्हेंचर कॅपिटल. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. जन्मभर मराठी शब्दांत रमलेल्या मामाकडे तरी उत्तर असावं, अशी त्याची अपेक्षा होती. त्या संध्याकाळी ते माझ्याकडे नव्हतं. ते शोधता शोधता जे सापडलं ते इथं मांडतोय.

सावकारीवर आईनं पहिलंच बोट ठेवलं ते सहज नव्हे. कोकणात पैसा देणारा माणूस म्हणजे सावकार. शब्द मुळात थोर आहे. साधुकार या शब्दातून तो आला, आणि साधू म्हणजे सचोटीचा. पुढे व्याजाच्या वह्यांनी त्या सचोटीचं काय केलं ते खेडोपाडी ठाऊक आहे. 'व्याज' शब्दाचीही कथा अशीच. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, निमित्त, कपट. व्याजस्तुतीत तोच अर्थ आहे आणि निर्व्याज प्रेमातही तोच. भाच्याच्या व्यवसायात व्याज नाही, म्हणून त्याला सावकार म्हणणं चूक. पण त्याचा धंदा निर्व्याज आहे असं म्हटलं तर भलताच गोड अर्थ निघेल, तेही खरं नाही.

वर्तमानपत्रांत व्हेंचर कॅपिटलला 'साहसवित्त' किंवा 'साहस भांडवल' म्हणतात. हिंदीच्या वाटेनं आलेलं 'उद्यम भांडवल'ही अधूनमधून दिसतं. साहसवित्त कानाला बरं वाटतं, पण मला ते पटत नाही. 'साहस' हा सहस् म्हणजे बळ, जोर यातून आलेला शब्द. सहन करण्याशी त्याचं मूळ एकच. धर्मशास्त्रात मात्र साहस हा गुन्हा होता. बळजबरीनं, उघडपणे केलेल्या अपराधाला साहस म्हणत आणि मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे खटल्यांच्या प्रकारांत, त्याला स्वतंत्र जागा आहे. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव मिळालं: २५० पणांचा प्रथम साहस, ५०० चा मध्यम, १००० चा उत्तम. 'उत्तम साहस' म्हणजे सर्वांत मोठा दंड, हे आज शाळेत साहसकथा वाचणाऱ्या मुलाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही.

अर्थ पालटतात, गुन्ह्याचा पराक्रमही होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हे साहस नेमकं कुणाचं? इंग्रजीतला व्हेंचर हा ॲडव्हेंचरचाच तोकडा झालेला अवतार, आणि तो लॅटिनमधल्या 'पुढे येऊ घातलेलं' या अर्थाच्या शब्दातून आला. जे येईल ते येवो, अशी ती वृत्ती. सतराव्या शतकात व्हर्जिनियात वसाहत करायला निघालेल्या इंग्रजी कंपनीत जे लोक समुद्र ओलांडून गेले त्यांना प्लँटर म्हणत, आणि जे लंडनमध्ये घरी राहून पैसे घालत त्यांना ॲडव्हेंचरर. म्हणजे साहसाचं नाव घरी बसलेल्याला आणि कुदळ चालवणारा नुसता लागवड करणारा. इंग्रजीनं केलेली ही वाटणी मराठीनं का उचलावी? चांगली नोकरी सोडून, घर गहाण टाकून कंपनी काढणारी मुलगी साहस करते. तिला पैसे देणारा तिच्या साहसात भाग घेतो, पण त्याची स्वतःची गोष्ट निराळी असते. त्या गोष्टीला मराठीत शब्द आहे, आणि तो मला सापडला एसटी स्टँडवर.

भाचा परत निघाला तेव्हा आईनं त्याच्याकडे एक कापडी पिशवी दिली. आत तिच्या बांगड्या होत्या, पुण्याला माझ्या बहिणीकडे पोचवायच्या. तो गाडीत बसल्यावर ती खिडकीशी जाऊन हळू आवाजात म्हणाली, "पिशवी वर टाकू नको, मांडीवर ठेव. त्यात जोखीम आहे."

भाच्यानं ते ऐकलं आणि खिडकीतून मला विचारलं, "मामा, बांगड्यांत कसला धोका?" त्याच्या भाषेत जोखीम म्हणजे रिस्क. आईच्या पिढीच्या भाषेत जोखीम म्हणजे सांभाळून न्यायची मौल्यवान वस्तू. रोकड, दागिने, दुसऱ्यानं विश्वासानं हाती दिलेली ठेव. 'जोखमीचं सामान' या शब्दांत हा अर्थ अजून शाबूत आहे. गाडी वेसवीच्या फाट्याकडे गेलेली नव्हती तोवर माझ्या डोक्यात हा शब्द घुमू लागला होता.

जोखीम कुठून आली? पटकन मनात येतं ते जोखणं, म्हणजे वजन करणं, पारखणं. सोनं जोखतात, माणूसही जोखतात. पण तुलनात्मक व्युत्पत्ती सांगणारे भाषाशास्त्रज्ञ जोखमीला वेगळ्याच घरी नेऊन पोचवतात: योगक्षेम. प्राकृतात 'योग'चा 'जोग' झाला, 'क्ष'चा 'ख' झाला, मधली अक्षरं झिजली आणि उरली जोखीम. योगक्षेम हा शब्द आपल्याला गीतेमुळे आणि आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यामुळे ओळखीचा. शंकराचार्यांच्या भाष्यात त्याची फोड आहे: जे आपल्याजवळ नाही ते मिळवणं हा योग, जे मिळालं आहे ते राखणं हा क्षेम. ज्या शब्दाचा अर्थ सुरक्षितता, त्याच्या पोटी धोक्याचा शब्द जन्मला. हे उलटं वाटतं, पण आईची पिशवी डोळ्यांपुढे आणली की उलटं राहत नाही. जे सांभाळायचं आहे त्यालाच धोका असतो. आधी शब्द सांभाळण्याला लागला, मग सांभाळायच्या वस्तूला, मग त्या वस्तूवरच्या संकटाला. भाचा शेवटच्या पायरीवर उभा होता आणि आई मधल्या.

या जोखमीला व्यापारात फार जुना दर होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि याज्ञवल्क्यस्मृतीत कर्जावरचे दर दिले आहेत. रानावनातून माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला महिन्याला शंभरी १०, समुद्रावर जाणाऱ्याला २०. कौटिल्य साध्या व्यवहाराला फक्त सव्वा सांगतो. आजच्या कुणा विश्लेषकानं तक्ता मांडावा तशी ही चढण आहे, आणि वरची पायरी समुद्राची. त्याच विचारातून पश्चिम किनाऱ्यावर एक व्यवहार रूढ झाला, त्याचं नाव 'जोखमी हुंडी'. व्यापारी गलबतावर माल चढवी आणि पलीकडच्या बंदरातल्या घेणाऱ्यावर हुंडी लिही. ती हुंडी गावातला पेढीवाला दर्शनी रकमेहून कमी पैशांत विकत घेई. माल सुखरूप पोचला की घेणारा पूर्ण रक्कम चुकती करी. गलबत बुडालं तर हुंडी रद्द. पेढीवाल्यानं कुणाकडे काही मागायचं नाही.

परत मागायचं नाही. भाचा पडवीत आजीला नेमकं हेच सांगत होता.

मंडणगड तालुक्यात बसून हे लिहिताना बाणकोटची खाडी मनातून जात नाही. सावित्री तिथं समुद्राला मिळते. वर महाडपर्यंत गलबतं जात आणि तिथून माल घाट चढे. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचं वर्णन लिहिलं. त्यातलं 'मंदागोरा' म्हणजे हाच बाणकोट-मंडणगडाचा परिसर असं काही अभ्यासक मानतात. बाणकोटच्या किल्ल्यावर उभं राहिलं की पलीकडे हरिहरेश्वर दिसतं आणि खाली बागमांडल्याहून वेसवीला येणारी फेरीबोट. १७५५ मध्ये आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग पडला, पाठोपाठ हा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि १७५६ च्या तहानं तो ईस्ट इंडिया कंपनीकडेच राहिला. कंपनीनं त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. त्या नावाची राणी जन्माला यायला तेव्हा साठहून अधिक वर्षं बाकी होती.

कंपनीची आठवण काढली ती 'इन्व्हेस्टमेंट' या शब्दासाठी. लॅटिनमध्ये वेस्टिस म्हणजे वस्त्र, आणि इन्व्हेस्ट करणं म्हणजे वस्त्र चढवणं. पैसे घालणं हा त्याचा अर्थ इटालियन व्यापाऱ्यांच्या बोलीतून आला आणि इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्वेकडच्या व्यापाराच्या कागदांत दिसू लागला. कल्पना अशी, की रकमेनं आपलं रूप टाकून मालाचं रूप पांघरलं. पुढे कंपनी दरवर्षी हिंदुस्थानातून विकत घेऊन न्यायच्या मालालाच 'इन्व्हेस्टमेंट' म्हणू लागली. आता आपलं 'भांडवल' पाहा. संस्कृतात भाण्ड म्हणजे भांडं, तसाच विकायचा माल. 'भाण्डमूल्य' असाही शब्द आहे, मालाच्या रूपातली पुंजी या अर्थी. ग्रामचा गाव झाला, नामचं नाव झालं, तसं मूल्यमधल्या 'म'चं 'व' होऊन भांडवल झालं असावं असं मला वाटतं. गुजरातीतलं 'भंडोळ' त्याच घरचं दिसतं. पैशानं पांघरलेलं मालाचं वस्त्र आणि मालातच असलेलं मोल. दोन्हीकडे पैसा गाठोड्यात बांधून वाटेवर निघालेला आहे.

कापडाचं मराठीलाही वावडं नाही. आपला पैसा पूर्वी पदराच्या गाठीत आणि कनवटीला असे. म्हणून पदरमोड, पदरात पडणं, गाठीला चार पैसे असणं. आणि 'गुंतवणूक'? इथं मराठी इंग्रजीहून खोल जाते असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीत पैसा कपडे बदलतो. मराठीत तो गुंततो. गुंता, गुंतागुंत, गुंतवळ, कुणात मन गुंतणं, सारे एका कुटुंबातले. पैसा जिथं गुंतवला तिथं जीवही थोडा गुंतलाच, हे गृहीत धरणारा हा शब्द आहे. भाचा सांगतो, त्यानं पैसे दिलेल्या एका कंपनीच्या संस्थापिकेचा रात्री अकराला फोन आला, की महिनाअखेरीचे पगार कसे करू, तर तो उठून बसतो आणि तासभर बोलतो. तो ज्यात आहे ते गुंतणंच.

तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस, मग पैशाकडे कसा वळला? या वाटेवरून पुष्कळ जण गेलेत. अमेरिकेत या व्यवसायाची रीतसर सुरुवात मानतात ती १९४६ ची, जॉर्जेस डोरिओट यांच्या कंपनीपासून. १९५७ मध्ये त्यांनी एमआयटीच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या दोन तरुण अभियंत्यांच्या डिजिटल इक्विपमेंट या संगणक-कंपनीत ७०,००० डॉलर घातले. कंपनीच्या समभागांची खुली विक्री झाल्यावर त्यांच्या वाट्याची किंमत कोट्यवधी डॉलरांवर गेली. डोरिओट लष्करात आणि विद्यापीठात वाढलेले. पुढच्या पिढीत मात्र स्वतः यंत्रं आणि प्रोग्रॅम घडवलेली माणसं या खुर्चीत आली. १९५७ मध्ये शॉक्ली यांची अर्धवाहकांची प्रयोगशाळा सोडणाऱ्या आठ जणांतले अभियंते यूजीन क्लाइनर यांनी १९७२ मध्ये क्लाइनर पर्किन्स ही गुंतवणूक-कंपनी काढली. १९५५ मध्ये पुण्यात जन्मलेले विनोद खोसला १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांत होते, १९८६ मध्ये त्याच क्लाइनर पर्किन्समध्ये गेले आणि २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा फंड उभारला. विद्यार्थी असताना मोझॅक ब्राउझर लिहिणारे मार्क अँड्रीसन २००९ मध्ये एका गुंतवणूक-कंपनीचे सहसंस्थापक झाले.

आपल्याला जवळचं नाव सुहास पाटील यांचं. १९४४ मध्ये जमशेदपूरला जन्म, खरगपूरच्या आयआयटीत शिक्षण, एमआयटीत डॉक्टरेट, यूटा विद्यापीठात अध्यापन, आणि मग चिप बनवणारी सिरस लॉजिक. ती कंपनी उभी राहिल्यावर ते नव्या उद्योजकांच्या पाठीशी उभे राहिले. १९९२ मध्ये सिलिकन व्हॅलीत सुरू झालेल्या 'टाय' या उद्योजक-संस्थेच्या संस्थापकांत ते आहेत.

अभियंता या कामाला का चालतो याचं उत्तर मला जोखीमच्या त्या पहिल्या, लोकांना सुचणाऱ्या व्युत्पत्तीत दिसतं. ती शास्त्रात टिकत नसेल, पण कामाचं वर्णन म्हणून खरी आहे. भाचा जोखतो. समोरची मुलं म्हणतात, आमचा प्रोग्रॅम इतक्या लाख लोकांचा भार एका वेळी पेलेल. दहा वर्षं रात्री-अपरात्री कोसळलेले सर्व्हर उभे केलेला माणूस दोन प्रश्नांत ओळखतो, की हे खरंच बांधलंय की नुसतं चित्र काढलंय. पेढीवाल्याला जर गलबताच्या तळाचं लाकूड वाजवून पाहता आलं असतं तर त्याची हुंडी जितकी पक्की झाली असती, तितकंच हे.

लिहिण्याकडून पैशाकडे जाणारी वाट आमच्या भागातही जुनी आहे. इथून जवळच वेळास आहे. आज लोक तिथं कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येतात. भानू घराणं तिथलं, नाना फडणवीसांचं. 'फडणवीस' हा फारसी फर्दनवीस. फर्द म्हणजे हिशेबाचा सुटा कागद, नवीस म्हणजे लिहिणारा. कागद लिहिणाऱ्याच्या पदावरून त्या घरातला माणूस राज्याच्या तिजोरीपर्यंत आणि मसलतीपर्यंत गेला. ज्यानं बारकाईनं लिहिलंय त्याला पुढे पैसा कुठं घालायचा हे विचारलं जातं, याचं नवल वाटू नये. 'नोकर' हाही शब्द फारसीतून आला, पण त्याचं मूळ मंगोल आहे, आणि तिथं नोकोर म्हणजे सरदाराचा सोबती, जिवाभावाचा साथीदार. मुंबईला गेलेल्या आमच्या चाकरमान्यांच्या चार पिढ्यांनी हा शब्द खालच्या अंगानं वाहिला. भाच्यानं 'नोकरी सोडली' तेव्हा आईला धसका बसला, कारण तिच्यासाठी नोकरी म्हणजे क्षेम, दर महिन्याला येणारी मनीऑर्डर. भाचा योगाकडे निघाला होता. उद्योग या शब्दातही तोच योग बसलाय, हे मी तिला सांगितलं नाही.

आता माझं मत. व्हेंचर कॅपिटलला 'जोखीम-भांडवल' म्हणावं. कुणी कुणी म्हणतातही, पण ते इंग्रजी रिस्कचं भाषांतर म्हणून. मला ते जोखमी हुंडीचा वारस म्हणून हवंय. एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. हुंडीत वरची कमाई ठरलेली असे. गलबत कितीही नफ्यात आलं तरी पेढीवाल्याला लिहिलेलीच रक्कम मिळे. भाच्याच्या फंडाला वाटा मिळतो, आणि त्या वाट्याला वरची मर्यादा नसते. म्हणूनच बऱ्याच कंपन्या बुडाल्या तरी एखादी सगळ्यांची भरपाई करून जाते. शब्दातला 'जोखीम' बुडण्याचा हिशेब सांगतो आणि 'भांडवल' वाट्याचा. दोन्ही हवेत. शिवाय आईचा अर्थ त्यात राहतो. फंडातला पैसा भाच्याचा नाही. निवृत्तिवेतनाचे निधी, विमा कंपन्या, विद्यापीठं, श्रीमंत कुटुंबं अशांनी तो दहा-दहा वर्षांसाठी विश्वासानं हाती दिलेला असतो. फंड चालवणारे साधारणपणे वर्षाला शंभरी दोन खर्चापोटी घेतात आणि नफ्यातला पाचवा हिस्सा. बाकीची सगळी दुसऱ्याची पिशवी, मांडीवर ठेवायची.

भाच्यानं पुण्याहून फोन केला, बांगड्या पोचल्याचा. त्याच बोलण्यात त्यानं आणखी एक शब्द मागितला. गुंतवलेले पैसे कंपनी विकून किंवा बाजारात उतरवून परत मिळतात, त्याला त्यांच्यात 'एक्झिट' म्हणतात. मराठीत काय म्हणू? मी 'निर्गमन' सुचवलं आणि लगेच मागं घेतलं. आई शेजारीच होती. तिला विचारलं, की तुझी पोस्टातली ठेव मुदत संपून हाती येते तेव्हा तू काय म्हणतेस?

"पैसे मोकळे झाले म्हणते. दुसरं काय म्हणणार?"

गुंतले होते, मोकळे झाले. मी भाच्याला तसंच सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या पहिल्या कंपनीतले मोकळे व्हायला सात-आठ वर्षं तरी लागतील. आईनं फोन हातात घेतला आणि त्याला सांगितलं, की मागच्या पावसात परड्यात लावलेलं हापूसचं कलम जगलंय, पण आंबा धरायला पाच-सहा वर्षं जातील, तेव्हा त्यानं मध्ये मध्ये येऊन त्याच्याकडे बघून जावं.